आजींचा पंखा

खरेदीच्या बाबतीत शिवराम ओव्हाळला कोणी टोपी घालू शकत नाही! अंबरनाथ एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात मी अख्खी नोकरी स्टोअरमध्ये काढली. साध्या नटबोल्टपासून बॉयलरच्या पाइपापर्यंत जे जे गेटातून आत आलं, ते आधी माझ्या नजरेखालून गेलं. सप्लायर माझ्या टेबलासमोर बसले की न विचारता पाणी प्यायचे! त्यामुळे रिटायर झाल्यावर घराला इन्व्हर्टर घ्यायचं ठरलं, तेव्हा मी जिन्यात उभं राहून जाहीर केलं, "बघाच तुम्ही! अख्ख्या सोसायटीत असा इन्व्हर्टर नसेल!"

समोरच्या कुमुदिनीताई दाराला कडी लावत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "एकट्या माणसाला कशाला हवाय तो? मेणबत्ती लावा की!"

आता यांना काय सांगणार? यंदा लोडशेडिंगने नुसता उच्छाद मांडलाय. वीज दुपारी जायची, संध्याकाळी यायची, आणि 'आली, आली' म्हणून पोरं ओरडेपर्यंत पुन्हा जायची. लाइट गेली की आमच्या मजल्यावरची बिऱ्हाडं गॅलरीत सतरंज्या टाकून बसत. मीसुद्धा खुर्ची घेऊन बाहेर बसायचो. पण प्रत्येक सतरंजीवर आपापला विषय चाललेला. मध्ये शिरायचं कसं? मग मी आपला विचारायचो, "काय, तुमची पण गेली का?" आता अख्ख्या अंबरनाथची गेलीय म्हटल्यावर त्यांची काय राहणार होती? "गेली," म्हणायचे, की संपलं संभाषण! मी खुर्ची उचलून आत.

द्रौपदी होती तेव्हा अंधार झाला की तिला बोलायचा जोर चढायचा. आमची सगळी भांडणं उजेडात झाली आणि सगळ्या गप्पा अंधारात. ती गेल्यापासून लाइट गेली की घर असं काही गप्प होतं, की मी स्वतः खोकलो तरी दचकतो. वाटतं, कोण आलं! मुलगा महेंद्र मस्कतला. सून अस्मिता, नात हर्षदा, सगळे तिकडेच. रविवारी फोन येतो. महेंद्रला म्हटलं, "बॅटरी कुठली घेऊ?" तर म्हणाला, "बाबा, इकडे लाइट जातच नाही हो. मला काय कळणार?"

तर निघालो खरेदीला. स्टेशनजवळच्या पहिल्याच दुकानासाठी मी नीट प्रश्न काढून ठेवले होते. लोड किती, बॅकअप किती, बॅटरीत पाणी किती दिवसांनी घालायचं. दुकानदाराने माझ्याआधीच विचारलं, "घरात माणसं किती?"

"एक."

"एक म्हणजे?"

"एक म्हणजे एक! मी!"

त्याने वाकून काउंटरखालून एक पोपटी रंगाचा इमर्जन्सी दिवा काढला. पाण्याच्या बाटलीएवढा. "हा घ्या काका. उशाशी ठेवा. एकट्याला पुरे!"

आयुष्यभर ट्रकच्या ट्रक माल पास केलेला माणूस मी, आणि माझ्या हातात पोपटी दिवा! एका माणसाला उजेड तरी एका माणसापुरताच लागतो, असं त्याचं म्हणणं. मी दिवा जागेवर ठेवला आणि सरळ रिक्षा करून उल्हासनगर गाठलं. कॅम्प चारला हासोमलचं दुकान आहे. गोल चेहरा, कपाळावर चष्मा, बोलणं असं की जणू मी त्याच्या बहिणीच्या सासरचा! खुर्ची दिली, चहा मागवला, आणि विचारलं काय?

"साईं, घर में आदमी कितने?"

आता मात्र माझी जीभ एकवर थांबेना. "पाच," मी म्हटलं.

"कौन कौन?"

"मी, मुलगा, सून, नात..." चार झाले! पाचवं माणूस कुठून आणू? "...आणि आई."

"माताजी!" हासोमलने चष्मा डोळ्यांवर घेतला. "माताजी है घर में? उमर?"

"असेल नव्वदच्या आसपास."

"बीपी?"

"आहे. भरपूर आहे!"

वास्तविक माझी आई जाऊन जमाना झाला. पण हासोमल इतका हळवा झाला, की तिथून मागे फिरणं म्हणजे पुन्हा एकदा आईला पोचवून येणं! मी पेनाचं टोपण काढायच्या आत त्याने सगळा सेट ठरवून टाकला. "साधी बॅटरी मत लेना, साईं. रोज की कटौती में बैठ जायेगी. ट्यूब्युलर लो, और दो लो. इन्व्हर्टर साइन वेव्हवाला लो. सस्तावाला लोगे तो पंखा घुं घुं करेगा, माताजी सोयेगी कैसे?"

एकही प्रश्न विचारायचं मला सुचलं नाही. पास!

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फिटर साईनाथ आला. वांगणीकडचा, काळासावळा, आडदांड गडी. त्याने आणि हमालाने मिळून त्या दोन बॅटऱ्या दुसऱ्या मजल्यावर आणल्या, तेव्हा अख्खा जिना गॅलरीत गोळा झाला होता. लग्नातली नवरी आणावी तशी मिरवणूक! बॅटऱ्या दारामागे ठेवल्यावर माझं दार अर्धंच उघडायला लागलं.

साईनाथने घर फिरून पाहिलं. हॉलमध्ये बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, द्रौपदीचा फोटो आणि एक खुर्ची. स्वयंपाकघरात एक ताट, एक वाटी.

"काका, मानसा कुटं गेली?"

"बाहेर गेलीत."

"नि आजी?"

"आजीपण गेलीय. विहारात."

"नव्वद वर्साची? बीपीची? दोन जिने उतरून?"

"आमच्या घराण्यात सगळे काटक आहेत!"

त्याने माझ्याकडे एकदा आणि ताटाकडे एकदा पाहिलं. शेटने बजावलं होतं, प्रत्येकाच्या खोलीचं बटण वेगळं पाहिजे, म्हणजे माताजींना अंधारात चाचपडायला नको. म्हणून त्याने बोर्डावर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि मला विचारून विचारून काळ्या पेनाने ठसठशीत नावं घातली. 'आजी.' 'महेंद्र-अस्मिता.' 'हर्षदा.' माझ्या नावाची पट्टी नव्हती. म्हणाला, "तुम्हाला काय, तुम्ही डोल्यानं दिसतंय तवर कुटंबी बसाल."

संध्याकाळी लाइट गेली. गॅलरीत सतरंज्या पडल्या. आणि माझं घर? दिवाळी! मी बोर्डापाशी गेलो आणि आधी 'हर्षदा' दाबलं. आतल्या खोलीत लख्ख उजेड. मग 'महेंद्र-अस्मिता'. तिकडेही उजेड. मग 'आजी'. रिकाम्या कॉटवर पंखा अगदी बिनआवाजाचा फिरायला लागला. घुं नाही की घां नाही. साइन वेव्ह! मी सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारली. सगळीकडे उजेड, सगळीकडे वारा. पुन्हा एक चक्कर मारली. मग हॉलमध्ये येऊन खुर्चीवर बसलो. इतक्या उजेडात रिकाम्या खोल्या जरा जास्तच रिकाम्या दिसतात, हे मला हासोमलने सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात कुमुदिनीताई मोबाइल चार्जिंगला लावायला आल्या. बोर्डापाशी वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"महेंद्र-अस्मिता? हर्षदा? अगं बाई! म्हणजे येताहेत सगळे? कायमचे?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं! पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की 'नाही' म्हणवेना. मी नुसता खोकलो.

"आनंदाने बोलवत नाहीये त्यांना!" असं ओरडत त्या गॅलरीत पळाल्या.

झालं! त्या दिवशी पहिल्यांदा सतरंजीवर लोकांनी सरकून मला जागा दिली. कधी येणार, शाळा कुठली घेणार, मस्कतची पोरं वरणभात खातात का? चौकशीवर चौकशी! मी म्हणायचो, "बघू," "ठरेल," "अजून काही नक्की नाही." एकही वाक्य खोटं नव्हतं हो! पण जितकं मी टाळायचो, तितकी त्यांची खात्री व्हायची. दोन दिवसांत खालच्या मजल्यावरून नातीसाठी छोटी सायकल आली, जुनी पण चालणारी. कुमुदिनीताईंनी डबाभर नानकटाई करून आणली. मी ती सायकल हॉलमध्ये ठेवली. अर्ध्या उघडणाऱ्या दारातून ती आत कशी आणली, ते माझं मला माहीत!

आणि शुक्रवारी दुपारी, लाइट नुकतीच गेलेली, दारावर टकटक झाली.

दारात हासोमल! हातात मिठाईचा पुडा. आणि त्याच्या दंडाला धरून एक चिमुकली म्हातारी, पांढरं शुभ्र ओढणीवजा वस्त्र डोक्यावरून घेतलेली.

"साईं, ये मेरी अम्मा! दुकान के पीछे दिनभर अकेली बैठती है. कोई बात करनेवाला नहीं. मैंने सोचा, ओव्हाळसाब की माताजी है, दोनों बुजुर्ग एक जगह बैठेंगी, दिल लगेगा." त्याने आत डोकावून पाहिलं. "किधर है माताजी?"

विहारात? दवाखान्यात? गावी? कुठे पाठवू आईला? मी म्हणालो, "आई ना? आई म्हणजे..."

आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या पाठीमागून, स्वयंपाकघरातून, मोबाइल चार्जिंगला लावायला आलेल्या कुमुदिनीताई बाहेर आल्या! डोळ्यांवर चष्मा, केसांना नुकतीच लावलेली मेंदी आणि त्यावर गुंडाळलेला पांढरा पंचा.

हासोमल धावलाच! मिठाईचा पुडा माझ्या हातात कोंबला आणि वाकून त्याने त्यांच्या पायांना हात लावला. "माताजी! तबियत कैसी है? बीपी कैसा है?"

"कोण माताजी?" कुमुदिनीताई दोन पावलं मागे उडाल्या.

"आप! ओव्हाळसाब की माताजी!"

"यांची?" त्यांचा आवाज थेट गच्चीपर्यंत गेला असणार. "मी यांची आई? अहो, मी यांच्याहून लहान आहे! ओव्हाळसाहेब, काय सांगून ठेवलंय तुम्ही लोकांना?"

गॅलरीतल्या सतरंज्या उठून दारात आल्या. दार अर्धंच उघडत असल्यामुळे डोकी एकावर एक रचल्यासारखी दिसत होती. हासोमल कुमुदिनीताईंकडे बघतोय, कुमुदिनीताई माझ्याकडे, आणि मी सायकलकडे.

"तो माताजी...?" हासोमलने हळूच विचारलं.

"नाहीये," मी म्हटलं. "कधीचीच गेली. आणि महेंद्र वगैरे कोणी यायचं नाहीये. ते मस्कतलाच राहणार. घरात मी एकटा आहे. एकटा म्हटलं की लोक पोपटी दिवा देतात हो!"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं! दारातली डोकी एकेक करून मागे सरकली. कुमुदिनीताईंनी डोक्यावरचा पंचा उगाचच घट्ट केला. म्हणाल्या, "नानकटाई तेवढी संपवा. मऊ पडेल." आणि गेल्या.

हासोमल खाली बघून उभा. मला वाटलं, आता हा बॅटऱ्या उचलून नेणार. तो म्हणाला, "साईं, माफ करना. मैंने बहुत पूछा." मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "अम्मा किधर गयी?"

अम्मा आतल्या खोलीत होती. एवढा तमाशा चालू असताना ती भिंतीला धरून धरून पंख्याच्या वाऱ्याच्या दिशेने गेली होती आणि कॉटवर पाय वर घेऊन बसली होती. हासोमल तिला सिंधीत काहीतरी समजावू लागला. ती हलेना. शेवटी तो ओशाळून म्हणाला, "घर में अपना इन्व्हर्टर नहीं है, साईं. सब बेचने में निकल जाता है. थोड़ी देर बैठने दोगे? वसुली करके आता हूं, ले जाऊंगा."

"बसू दे की!" मी म्हटलं.

तो गेला. मी माझी खुर्ची आतल्या खोलीत नेली. अम्माला पाणी दिलं, नानकटाई दिली. तिला मराठी कुठून यायला? मला सिंधी येत नाही. म्हटलं, चला, कोणाला काही समजायचं नाही, आपल्याला बोलायला हरकत नाही! आणि बोललो. बाप रे, किती बोललो! स्टोअरमध्ये एकदा उलट्या आट्यांचे बोल्ट आले होते ते सांगितलं. द्रौपदी भांडताना आधी भांडी घासायला घ्यायची ते सांगितलं. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवशी ती म्हणाली होती, 'घरी लाइट चालू राहिलीय बहुतेक,' आणि मी तिच्यावर वैतागलो होतो. हे मी महेंद्रलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. अम्मा डोळे मिटून ऐकत होती. मधूनच मान हलवायची. मला वाटलं, माणसाला भाषा लागत नाही! मन लागतं!

हासोमल परत आला तेव्हा लाइट कधीच आली होती. दारातून निघताना अम्मा माझ्याकडे बघत त्याच्याशी बराच वेळ बोलली. मी भारावून गेलो. विचारलं, "काय म्हणतात अम्मा?"

हासोमल डोकं खाजवायला लागला. "साईं... बोलती है, पंखा बहुत अच्छा है. अगले शुक्रवार को फिर आऊंगी."

"वा! आणि?"

"और बोलती है, इस आदमी को बोलो थोड़ा चुप बैठे. एक घंटा सोने की कोशिश की, सोने नहीं दिया."

मी गडबडलो. "म्हणजे मी जे जे बोललो, ते त्यांना... मराठी समजते?"

"साईं, सैंतालीस में कॅम्प में आयी तब से इधर ही है! भाजीवाली से मराठी में ही झगड़ती है!"

अम्माने जिन्यातून मागे वळून बोटाने ओठ दाबून दाखवले आणि एकेक पायरी उतरायला लागली.

आता शुक्रवार जवळ आलाय. मी ठरवलंय, या वेळी तोंडातून शब्द काढायचा नाही. तशी गप्प राहायची सवय मला चांगली आहे, आठवडेच्या आठवडे गप्प राहून दाखवलंय मी! पण हो, ते सगळं एकट्याने केलेलं आहे. समोर कोणी बसलेलं असताना कितपत जमेल, सांगता येत नाही बुवा!