दाजीची बैठक

“डिग्यांच्या बोक्यानं ऑपरेशनला साफ नकार दिलाय, म्हणतो त्या पैशांत वहिनींचा…” एवढंच जिन्यातून ऐकू आलं आणि मंदाताई खोचरेंच्या कुकरने शिट्टी मारली.

वहिनींचा काय? मंदाताईंना राहवेना. विरजण मागायची वाटी घेऊन त्या शेजारी डिग्यांकडे गेल्या. तिथे बैठक बसलेली. पोहे झाले होते. एकीकडे डिगे नवराबायको, समोर पाटावर दाजी बोका, मध्ये जनावरांचे डॉक्टर.

“बरं झालं आलात,” डॉक्टर म्हणाले. “बोक्याकडचं माणूसच नव्हतं.”

“अहो, मी विरजणाला आलेय.”

“रोज सकाळी मला बोंबील कोण घालतं?” दाजीने शांतपणे विचारलं.

डिग्यांच्या नलूवहिनी चमकल्या. “म्हणजे आमच्याकडे उपास करायचास तो हा!”

मंदाताई मुकाट्याने पाटाशेजारी बसल्या. रीत सगळ्यांना ठाऊक होती. मालकाकडच्यांनी खर्चाचा आकडा बोलायचा, जनावराकडच्यांनी तो खाली आणायचा.

“पोटात गाठ आहे,” डॉक्टर म्हणाले. “काढली तर जगेल.”

“तीस हजार,” डिगे म्हणाले.

“ताई, खाली आणा,” दाजी पुटपुटला. “माझं वय झालं. वहिनींना जिना उतरवत नाही. आधी तो गुडघा बघा म्हणावं.”

“गुडघ्यानं कुणी मरत नाही रे मेल्या!” नलूवहिनींनी डोळ्यांना पदर लावला.

मंदाताई गोंधळल्या. भाजीवाल्यांना त्यांनी जन्मभर रडवलं होतं. पण इथे भाव पाडावा तर बोका जायचा, न पाडावा तर आपल्याच पक्षाशी दगा.

“वीस,” जीभ सवयीने बोलून गेली.

“विसात गाठ अर्धीच निघेल,” डॉक्टर म्हणाले.

“मग वरचे दहा आमच्याकडून,” मंदाताई म्हणाल्या. “आहेर समजा.”

दाजीच्या मिश्या ताठ झाल्या. आपल्या माणसाचा आहेर परत करता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

“हा डाव झाला, ताई.”

“झाला तर झाला.”

“मग ह्यांचे दहा वाचले, ते गुडघ्याला. नाहीतर मी पाटावरून उठत नाही.”

डिग्यांनी मान डोलावली. डॉक्टरांनी सुपारी फोडली.

जिन्यात खालच्या सावंतबाई भेटल्या. “खरं का हो? बोक्यानं ऑपरेशन नाकारून वहिनींना गुडघा करून दिला?”

“अर्धं खरं,” मंदाताई म्हणाल्या. कुठलं अर्धं, ते त्यांना नीट सांगता येईना. आणि वाटी तिथेच राहिली होती.