शास्त्रीबुवांचा बंब
गजाननशास्त्री बंब पेटवण्याआधी खिडकीतून ओरडत, "लांब व्हा रे! भागो सब!" आंघोळीच्या पाण्यासाठी कुणी गल्ली रिकामी करत नाही. पण शास्त्रीबुवांनी त्या बंबाचं वाफेचं इंजिन केलं होतं.

उत्तरेत, नदीकाठी मुन्शी घाटावरच्या त्या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत असे. पाठशाळेत न्याय शिकवणाऱ्या या गृहस्थाने बंबाचं झाकण कथलाचा डाख देऊन पक्कं केलं होतं. वाफ होळीच्या मोठ्या पितळी पिचकारीत सोडायची आणि तिच्या दट्ट्याने जातं फिरवायचं, असा बेत. वाफ फार झाली तर सुटावी म्हणून एक झडप होती आणि तिच्या दांडीला वजन म्हणून खलबत्त्यातला बत्ता टांगलेला.

"फुटलं तर?" मी विचारी.

"तर तुम्हाला खाली यायला जिना लागणार नाही."

हा खटाटोप कशाला, म्हटलं की उसळत, "साहेब वाफेवर मुलूख चालवतो, मी जातंही फिरवू नये?" त्यांची थोरली विधवा बहीण, आक्का, आतून म्हणे, "गजू, ते धूड माझ्या चुलीपासून लांब ठेव."

एकदा झाकणाची कड उसवली आणि उकळतं पाणी भिंतीवर उडालं. भाजलं कुणाला नाही, पण त्याच दिवशी गल्लीने कचेरीत तक्रार दिली. तिच्यावर माझीही सही होती.

बॉयलर तपासणारा बाबू आला. "पंडितजी, लैसंस है?"

"चूल्हे पर बटलोई चढ़ाने का भी लैसंस लगेगा?" शास्त्री कडाडले.

बाबूने बंबाला सील ठोकलं आणि परवान्याचा छापील कागद पुढे केला. त्यात प्रयोजन लिहायचं होतं. शास्त्री लिहीनात. बाबू फारच मागे लागला तेव्हा त्यांनी रागारागाने मराठीतच काहीतरी खरडलं. बाबूला ते कळेना; त्याने कागद शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे दिला.

'आक्काची मनगटं सुजतात. ती सांगत नाही. परक्याने दळलेलं तिला चालत नाही.'

मी ते हिंदीत सांगितलं. मला माझ्या सहीची लाज वाटली. बाबूने कागद घडी घालून खिशात ठेवला. सील मात्र तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून जात्याची घरघर ऐकू आली. जाऊन पाहतो तो दार सताड उघडं आणि शास्त्री स्वतः दळायला बसलेले. हा उपाय त्यांना पहिल्याच दिवशी सुचला असणार. पण पुरुषाने जात्याशी बसण्यापेक्षा इंजिन बनवणं त्यांना सोपं वाटलं होतं. बायका पदराआड हसत होत्या. समोरच्या हलवायाने हटकलंच, "ई का पंडितजी? औरतन का काम?"

"हाँ! और कल भी करेंगे. देखना हो तो आ जाना!"

"गजू, दार तरी लाव रे," आक्का म्हणाली.

"नाही लावणार."

पीठ जाडंभरडं पडत होतं. आक्काने ते चिमटीत घेऊन पाहिलं. सुजलेले हात मांडीवर ठेवून ती भिंतीला टेकून बसली.