बसलिंगप्पांचे बेदाग टोप

उदगीरला बदली होऊन आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी शेजाऱ्यांकडे सांत्वनाला गेलो होतो. झालं असं, की बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "अहो, शेजारच्या गच्चीवर पंधरा-वीस बायका केस मोकळे सोडून पाठमोऱ्या बसल्यात. कुणी गेलं वाटतं." मीही पाहिलं. पत्र्याच्या सावलीत रांगेने काळेभोर केस दिसत होते. कुणी हलत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. नव्या गावात पहिली ओळख अशी व्हावी याचं वाईट वाटलं, पण शेजारधर्म म्हणून सदरा चढवला, चेहरा जमेल तितका गंभीर केला आणि गेलो.

दारात साठीचे एक गृहस्थ उभे होते. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या आणि हात ओले. डोक्यावर नावालाही केस नाही. मी खालच्या आवाजात विचारलं, "कधी झालं?"

"काल दुपारी," ते म्हणाले.

"सगळ्या जवळच्याच का?"

"सगळ्या घरच्याच. अजून वाळल्या न्हाईत. शकुंतला तर आतून गच्च ओली हाय."

माझी आणि बसलिंगप्पांची ओळख ही अशी झाली. पुढे सहा वर्षं त्यांनी हा किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितला आणि प्रत्येक वेळी माझा चेहरा आधीपेक्षा थोडा अधिक रडका करून सांगितला.

अप्पांची ड्रेपरी आहे. म्हणजे नाटकाचे, गॅदरिंगचे कपडे, मुकुट, गदा, दाढ्यामिशा भाड्याने द्यायचं दुकान. जळकोट, देवणीपर्यंतच्या शाळा त्यांच्याकडून माल नेतात. कपडे आणि मुकुट त्यांनी पुतण्यावर सोडून दिलेले. त्यांचा स्वतःचा सगळा जीव टोपांत. त्यांना 'विग' म्हटलेलं खपत नाही. "विग टकल्याला लागतंय, सर. पात्राला टोप लागतो," असं ते स्वतःच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत सांगतात.

वर्षातून तीनदा त्यांच्या गच्चीवर हा बायकांचा मेळा भरतो. नवरात्रातले कार्यक्रम संपले की एकदा, शाळांची गॅदरिंगं आटोपली की दुसऱ्यांदा आणि शिवजयंतीनंतर तिसऱ्यांदा. याला 'टोप धुणं' म्हणायचं नाही. अंघोळ म्हणायचं. खऱ्या केसांच्या टोपाला रिठ्याचं कोमट पाणी, नायलॉनच्या टोपाला गार. चोळायचं नाही, पिळायचं नाही. नुसतं बुडवायचं आणि उचलायचं. शेवटच्या पाण्यात लिंबू. मग उपड्या मडक्यावर बसवून सावलीत वाळवायचं आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर वर विंचरत जायचं. "मुळापासून वढलं की जाळी फाटती," अप्पा सांगतात. शेवटी कापूर आणि कडुनिंबाचा पाला घालून सगळी मंडळी पत्र्याच्या कोठीत जातात. इतरांच्या घरी असल्या कोठीत ज्वारी असते.

काकूंची, म्हणजे त्यांच्या मंडळींची, या सगळ्यावर एकच तक्रार होती. "चाळीस वर्सं झाली, माझ्या डोक्याला कधी लिंबू पिळलं न्हाई या माणसानं. त्या शूर्पणखेला दर साली पिळतोय." अप्पांना त्यात गैर काही दिसत नसे. शूर्पणखेला काम जास्त पडतं, एवढंच ते शांतपणे सांगत.

मडक्यांची जागाही ठरलेली. राम, सीता, लक्ष्मण एका ओळीत. रावण पाण्याच्या टाकीपलीकडे. दुर्वासाची जटा शकुंतलेच्या वाऱ्यालाही उभी करायची नाही. एकदा वावटळीत मडकी गडगडली आणि दुर्वास शकुंतलेच्या अंगावर जाऊन पडला. अप्पांनी शकुंतलेला परत अंघोळ घातली. मी हसलो तर म्हणाले, "तुम्ही मास्तर हाव, तुम्हाला हसू येणारच."

त्यांचा लाडका शब्द 'बेदाग'. दुकानाच्या पाटीवर नाव लहान आणि 'बेदाग माल' मोठं. शाळेत टोप पोचवताना प्रत्येक टोपावरून ते पांढरा रुमाल फिरवत, रुमाल आपल्याला दाखवत आणि म्हणत, "बघून घ्या. बेदाग." शिवाय एक कडक नियम होता. अंघोळीपासून अंघोळीपर्यंत एका टोपाला एकच डोकं. टोपाच्या आत टाचणीने चिठ्ठी लावलेली असे, तिच्यावर घालणाऱ्याचं नाव लिहायचं. दुसऱ्याचा घाम लागलेला टोप लेकराच्या डोक्यावर ठेवणं म्हणजे उष्टं ताट पुढे करणं, असं त्यांचं मत.

हा नियम मोडला तो मी.

कॉलेजात असताना एका एकांकिकेत मी भालदार होतो, एवढ्या भांडवलावर शाळेचं गॅदरिंग दरवर्षी माझ्या गळ्यात पडतं. मागच्या वर्षी पाचवीच्या मुलींचे दोन कार्यक्रम होते. आधी 'वसुंधरा वाचवा' नावाचा देखावा, नंतर शकुंतलेची नाटिका. वसुंधरा झालेल्या भाग्यश्रीचे केस मोकळे सोडायचे होते. ऐन वेळी तिची वेणी सुटेना. पाहिलं तर वेणी सुतळीने बांधलेली आणि गाठ अशी, की पोत्याचं तोंड शिवल्यासारखी. बँड सुरू झालेला, पडद्यामागे बोंबाबोंब. मी शकुंतलेचा टोप उचलला आणि तसाच तिच्या डोक्यावर बसवला. देखावा संपताच काढून शकुंतलेचं काम करणाऱ्या आरोहीच्या डोक्यावर ठेवला. टाळ्या छान पडल्या. चिठ्ठीवर मी फक्त आरोहीचं नाव लिहिलं.

आठवड्याने पालकांच्या ग्रुपवर आरोहीच्या आईचा मेसेज आला, की गॅदरिंगच्या टोपामुळे मुलीच्या डोक्यात उवा झाल्या. खाली दुसऱ्या दोन आयांनी आमच्याही मुलींना झाल्या असं लिहिलं. संध्याकाळपर्यंत हे गावभर झालं. जळकोटच्या एका शाळेने अप्पांना फोन करून पुढच्या आठवड्यातली ऑर्डर थांबवली.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधी अप्पा मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या खोलीत हजर. त्यांनी टेबलावर पांढरं धोतर अंथरलं, आमच्या गॅदरिंगचे सगळे टोप त्यावर ठेवले आणि उवांच्या बारीक फणीने एकेक विंचरून दाखवला. धोतरावर काही पडलं नाही. आवाज न चढवता ते म्हणाले, "बाई, उवेला रगत लागतंय. टोपाला रगत कुठून आणावं? डोकं सोडलं की दोन दिसात मरती ती. माझ्या कोठीत तीन महिने कोण जगंल?"

बाईंना ते पटलं. शनिवारी पालकांची सभा आहे, तिथे हेच सगळ्यांसमोर दाखवा म्हणाल्या. अप्पांच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी मला कडुनिंबाखाली थांबवलं.

"सर, शकुंतलेला किती डोकी लागली?"

खोटं बोलायची फार इच्छा होती. "दोन," मी म्हणालो.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "पयलं डोकं कुणाचं?"

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं मोंढ्यामागच्या गल्लीत भाग्यश्रीच्या घरी गेलो. अप्पांना सभेसाठी पक्की खातरी हवी होती. भाग्यश्रीचे वडील, मारुती, मोंढ्यात हमाली करतात. आई दोन वर्षांपूर्वी गेली. घरात तेव्हापासून बाईमाणूस नाही. मारुती नुकताच कामावरून आला होता, आणि उंबऱ्यावर लेकीला पुढ्यात बसवून तिची वेणी घालत होता. पोती उचलून जाड झालेली बोटं त्या केसांत अडकत होती. दोन पदरांचा पीळ घालून त्याने त्याला सुतळीचे वेढे दिले आणि दाताने गाठ आवळली. भाग्यश्री मान ताठ धरून बसली होती. तेवढ्यात तिने डोकं खाजवलं.

"तालाच्या घाईत रोज जमत न्हाई," मारुती ओशाळून म्हणाला. ताल म्हणजे मोंढ्यात माल येऊन पडायची वेळ. "सुटूने म्हणून गाठ मारतो पक्की. आठ दिस टिकती."

आठ दिवस ती वेणी सोडली जात नव्हती. अप्पांना जे बघायचं होतं ते त्यांनी पाहिलं. त्यांनी कसलाच विषय काढला नाही, पाणी प्यायले, लेकीला "शाळेत जाती न्हवं रोज?" एवढं विचारलं आणि उठले.

शनिवारी सभेला वर्ग भरला होता. अप्पा धोतराची घडी आणि फणी घेऊन पहिल्या बाकावर बसले होते. मारुती मागे दाराशी उभा होता. लेकीला ठेवायला जागा नाही म्हणून तिला घेऊनच आला होता. आरोहीच्या आईने पुन्हा सगळं सांगितलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "टोप आम्ही तपासलेत, त्यात काही नव्हतं. अप्पा तुम्हाला दाखवतील." लगेच मधल्या बाकावरून एक आवाज आला, "टोपात नव्हतं तर वर्गातल्याच कुणाच्या तरी डोक्यातून आलं. सोमवारी सगळ्या पोरींची रांग लावा अन् बघा. जिच्या डोक्यात निघतील तिला वेगळं बसवा." पाच-सहा जणींनी माना हलवल्या. मी दाराकडे पाहिलं. भाग्यश्रीने वडिलांचा सदरा मुठीत धरला होता.

मी उठणार होतो. पण उठून सांगणार काय? एका टोपाला दोन डोकी लावली, हे सांगितलं तर पहिलं डोकं कुणाचं हा प्रश्न येणारच होता.

तोवर अप्पा उठले. धोतराची घडी त्यांनी बाकावरच ठेवली.

"रांग बिंग लावायची गरज न्हाई," ते म्हणाले. "माल माझा हाय. दसऱ्यानंतर औंदा पाणी लागून राहिलं, टोप नीट वाळले न्हवते. मी तसेच कोठीत भरले. बाईंनी बघितले ते मी नंतर धुतलेले. शकुंतला बेदाग न्हवती. उवा तिच्यातूनच आल्या."

वर्गात कुजबुज झाली. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे पाहिलं.

"चुकी माझी हाय, तर औषध बी माझंच," अप्पा पुढे म्हणाले. "कडुनिंबाचं तेल अन् फण्या मी शाळेत पाठवतो. समद्या पोरींना, सरसकट. एकीला बी वगळू नका." मग त्यांनी हात जोडून "शरणार्थ" म्हटलं आणि बाहेर पडले. धोतर विसरले, ते मी घरी नेऊन दिलं.

चूक माझी आणि शरम त्यांनी ओढवून घेतली, हे मला खरंच सोसत नव्हतं. मी म्हटलं, निदान मोठ्या बाईंना तरी खरं सांगतो. अप्पा म्हणाले, "कुणाला बी न्हाई. टोपाला काय हो, त्याला दुसऱ्या दिशी शाळेत जावं लागत न्हाई."

पुढचा महिनाभर मारुती दर रविवारी अप्पांच्या अंगणात येत होता. काकू भाग्यश्रीचं डोकं बघायच्या आणि अप्पा मारुतीला तीनपदरी वेणी शिकवायचे. सरावाला त्यांनी दुर्वासाची जटा दिली होती. ही वळली तर कुठलीही वळेल, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या रविवारी दुर्वासाचा पुन्हा सुतळीचा गठ्ठा झाला. तिसऱ्या रविवारी त्याला लाल फितीची ठसठशीत वेणी आली होती, आणि मारुती ती चहूबाजूंनी फिरून बघत होता.

यंदा आमच्या शाळेने टोप ऑनलाइन मागवले. जळकोटच्या त्या शाळेनेही. बाजारात पोरं अप्पांना मागून 'उवावाले अप्पा' म्हणतात. पाटीवरचं 'बेदाग माल' त्यांनी स्वतःच रंग लावून पुसलं. टोप मात्र त्याच मापाने, त्याच लिंबाने धुतले जातात. कोठीतून बाहेर न निघालेलेही.

परवा सकाळी अप्पा अंगणात घंगाळ घेऊन बसले होते आणि मी कुंपणापाशी चहा पीत उभा होतो. शाळेला निघालेली भाग्यश्री फाटकाशी थांबली. दोन नेटक्या वेण्या, लाल फिती. तिने आत डोकावून मडक्यांकडे पाहिलं आणि मोठ्या माणसाने लहानाला विचारावं तसं विचारलं, "अप्पा, आता तरी नीट धुता का हो टोप?"

"हाव माय," अप्पा म्हणाले. "आता दोनदा धुतो."

"अन् वाळवूनच भरा कोठीत. मला लई खाजलं होतं तवा."

"भरतो माय. मागल्या साली चुकलंच माझं."

तिने मान डोलावली. माफ केलं असावं. दप्तर सावरत ती निघून गेली.

अप्पांनी शकुंतलेला मडक्यावर बसवलं, क्षणभर पाहिलं आणि परत उतरवून पाण्यात बुडवलं.

"अप्पा, झाली की तिची अंघोळ," मी म्हणालो.

"लेकराला दोनदा म्हणलोय न्हवं," अप्पा म्हणाले, आणि दुसरं लिंबू कापायला घेतलं.