राजनक्षत्र रजेवर गेले त्याची हकीकत

श्री. ज्याने आधी अंधार केला आणि मग त्यात पाहावयास काही ठेविले, त्यास साष्टांग नमन. तदुपरि ज्या सरकारस्वारीने ही हकीकत लिहावयाची आज्ञा केली आणि कागद मात्र आपला आपण आणावा ऐसे सांगितले, तीसही नमन. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील मंडळी अद्याप हयात आहेत आणि रागीट आहेत.

त्या राज्यात हत्तीखाना, मुदपाकखाना, जवाहिरखाना आदिकरोन अठरा कारखाने होते आणि एकोणिसावा दुर्बीणखाना होता, आणि जैसे फडणीस, चिटणीस, पोतनीस, तैसे आभाळाचे काम पाहावयास एक गगनीस होते. त्यांचे नाव अंताजी भिकाजी, वय अडुसष्ट, आणि त्यांनी चाळीस वर्षे दुर्बिणीस डोळा लावोन चाकरी केली होती. त्यांची लेक म्हाळसाबाई त्यांच्या हाताखाली काम करी, म्हणजे काम ती करी आणि सही ते करीत. अंताजीपंतांस आयुष्यात एकच गोष्ट पाहावयाची राहिली होती. मृगनक्षत्राच्या पट्ट्यातील शेवटल्या ताऱ्यालगत काळ्या ढगाचा एक घोडा आहे, म्हणजे नुसते मस्तक आणि मान, बुद्धिबळातल्या घोड्याएवढी डौलदार, आणि मागल्या उजेडावर ती काळी उमटते. परंतु तो उजेड इतका मंद की दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यास लागत नाही. पंतांनी चाळीस हिवाळे डोळे फोडोन पाहिले आणि घोडा दिसला नाही. त्यात वैद्याने डोळ्याचा मागला पडदा झिजला ऐसे निदान केले आणि पाडव्यापुढची हमी देत नाही म्हणोन सांगितले. पंतांनी ही गोष्ट लेकीवाचून कोणास कळू दिली नाही, कारण आंधळा गगनीस कोण ठेवितो.

आता कॅमेरा दुर्बीणखान्यात कैसा आला ते ऐका. महाराजांस मुरंब्याची बहुत आवड, आणि कोठीतील मुरंबा कोणी चोरोन खाई, सबब कोठीच्या दारावर एक पहाऱ्याचा कॅमेरा बसविला होता. तो काळापांढरा होता, परंतु मांजराहून अधिक अंधारात पाही. त्याने तिसरे दिवशी चोर पकडिला, आणि चोर कोण हे जाहीर न होता त्याच सायंकाळी कारभारी नागोपंत यांनी हुजुरास अर्ज केला की, कॅमेरा कोठीवर वाया जातो, तो आभाळाकडे लावावा, जितका दूर तितका बरा. महाराजांनी अर्ज मंजूर केला. मग म्हाळसाबाईने दुर्बिणीची डोळा लावावयाची भिंगनळी काढिली आणि तिच्या जागी कॅमेरा बसविला आणि तार ओढोन टीव्हीस जोडिली. तो कॅमेरा दहा अंक मोजेपर्यंत उजेड साठवी आणि मग एकदम चित्र सोडी, पुन्हा साठवी आणि पुन्हा सोडी, ऐसे आभाळातले मंदाहून मंद ढग घरबसल्या पडद्यावर उमटू लागले. अंताजीपंत पडद्यापासोन वीतभर अंतरावर बसले आणि त्यांस ते ढग दिसले, घोड्याची पाळी मात्र अद्याप यावयाची होती.

अमावास्येस दिवेलागणीनंतर दरबार दुर्बीणखान्याच्या गच्चीवर भरला. महाराज पधारले, मानकरी बसले, आणि पडद्यावर मृगातला मोठा तेजोमेघ उमटला. महाराजांनी पाहिले आणि मुद्रा उतरली. बोलिले की, कॅलेंडरावर हा गुलाबी असतो, आमच्या वाट्यासच राखेच्या रंगाचा का आला. अंताजीपंतांनी अर्ज केला की, रंगीत कॅमेऱ्यात येईल तो उजेड तांबडा, हिरवा, निळा ऐशा तीन वाटेकऱ्यांत वाटला जातो, या कॅमेऱ्यात वाटेकरी नाहीत, सर्व उजेड एकट्याचा. महाराजांचे चार चुलते होते आणि चौघेही वाटणी मागत होते, यास्तव हे बोलणे त्यांस तत्काळ पटले आणि काळापांढरा रंग हा राज्याचा रंग ठरला.

इतक्यात महाराजांची दृष्टी पडद्याच्या मध्यावर गेली. तेथे एक काळसर वाटोळे होते, मधे फिकट, ऐन मेदुवड्याच्या आकाराचे. महाराजांनी पुसिले, हे कोण. अंताजीपंत सांगणार होते की, कॅमेऱ्याच्या काचेवर धुळीचा कण बसला आहे, आत्ता फुंकर मारितो. परंतु नागोपंत पुढे सरले आणि म्हणाले की, हा महाराजांचा तारा. महाराजांनी विचारले, मग काळा का. नागोपंत म्हणाले की, इतर ताऱ्यांस आपण आहो हे दाखवावे लागते म्हणोन चमकतात, यास काय गरज. ऐशा उत्तरावर गप्प बसणे हेच शहाणपण, आणि दरबारात सर्व शहाणे होते.

मग दुर्बीण देवयानीतल्या मोठ्या दीर्घिकेकडे फिरविली, तेथेही वाटोळे. कृत्तिकांकडे फिरविली, तेथेही वाटोळे. नागोपंत म्हणाले की, आभाळ कोठेही पाहा, महाराज आधी जाऊन पोहोचलेले. अंताजीपंत खऱ्याचे माणूस, त्यांनी धीर करोन कॅमेराच पाव वळसा फिरविला, म्हणजे आभाळ फिरेल आणि कण जागेवर राहील आणि सर्वांस उमगेल की तो आभाळात नाही. तैसेच जाहले. आभाळ फिरले, वाटोळे राहिले. दरबार उभा राहिला आणि म्हणाला की, ब्रह्मांड फिरले, महाराज अढळ राहिले, आणि त्याच सभेत ध्रुवाचे अढळपद काढोन घेतल्याची सनद निघाली. दुसरे दिवशी आभाळ भरोन आले आणि पडद्यावर एकही तारा नाही, नुसते राखी ढग, आणि ढगांवर वाटोळे तर अधिकच ठळक. तेव्हा ठरले की, कठीण समयी इतर पळाले, राजनक्षत्राने चौकी सोडिली नाही. ढगाळ दिवस हा राज्याचा सण जाहला. पुरावा देऊ तितकी बिदागी कारभाऱ्यांस मिळते हे पाहोन अंताजीपंतांनी पुरावे देणे सोडिले.

मग राजनक्षत्राचे मान वाढले. कॅमेऱ्यापाशी दोन भालदार उभे केले, टीव्हीस हार घातला, दरबाराखेरीज कॅमेरा मोहोरबंद राहू लागला. धूळ उडवावयाची रबरी फुंकणी जप्त होवोन शस्त्रागारात गेली आणि गगनीसांनी कॅमेऱ्यापासोन चार हात अंतर राखोन श्वास घ्यावा ऐसा ठराव जाहला. पुढे नागोपंतांनी तो ठराव शहरास लागू केला की, कोणी फुंकर मारू नये. त्यामुळे चुली पेटेनात, दूध निवेना, लेकरांच्या खरचटल्या गुडघ्यांस आयांनी नुसते पाहत बसावे, आणि देवळात पुजाऱ्यांनी शंख तोंडाशी धरोन तोंडानेच भूं ऐसे म्हणावे. तीन दिवस शहर भिजविलेल्या पोह्यांवर राहिले, मग चुलीपुरती सूट मिळाली. शेवटी ऐसा दंडक आला की, आभाळातील जी वस्तू पाहावयाची, तिने पडद्याच्या मध्यावर राजनक्षत्राच्या ऐन पायाशी येऊन मुजरा करावा, आडबाजूस उभे राहू नये.

या दंडकाने अंताजीपंतांचा घात जाहला. मोठे तेजोमेघ मुजऱ्यास आले तरी चहूकडोन दिसत, परंतु तो घोडा लहान. पौषात पंतांनी घोड्यावर दुर्बीण लाविली, पडद्यावर मागला फिकट पट्टा आला आणि घोड्याच्या जागी वाटोळे. नेमके मस्तकावर. माघातही तैसेच. पंत पडद्यास नाक लावोन बसत आणि त्यांस दरवेळी मेदुवडा दिसे. बाहेर थोडे आयाळ डोकावे इतकेच. म्हाळसाबाई बापाचे तोंड पाही. घरी आल्यावर पंत ताटातली भाकरी चाचपडोन शोधू लागले तेव्हा तिने ठरविले की, आता राजनक्षत्रास हलविले पाहिजे, आणि या राज्यात खरे सांगोन काही हलत नाही, जे हलेल ते नियमाने हलेल.

फाल्गुन वद्य अमावास्येस, म्हणजे पाडव्याच्या आदले दिवशी, दरबार भरला. मृग पश्चिमेकडे झुकला होता. घोडा मुजऱ्यास आणिला होता आणि वाटोळ्याखाली झाकला होता. तेव्हा म्हाळसाबाई पदर सावरोन पुढे जाहली आणि बोलिली, "महाराज, शिमग्यात हत्तीच्या माहुतापासून हुजऱ्यापर्यंत सगळ्यांना सुट्टी मिळाली. राजनक्षत्र तीन महिने उभंच आहे. त्याला कुणी विचारलं नाही."

नागोपंत हसले आणि म्हणाले की, बाई, नक्षत्र थकत नसते. म्हाळसाबाईने नम्रपणे पुसिले की, ते जर महाराजांचे रूप, तर महाराजही थकत नाहीत ऐसे कारभाऱ्यांचे म्हणणे आहे काय. नागोपंतांनी तोंड उघडिले आणि तैसेच ठेविले. हो म्हणावे तरी कठीण आणि नाही म्हणावे तरी कठीण, आणि दरबार त्यांच्याकडे पाहू लागला. त्यांस सोडविले ते महाराजांनीच. महाराज सिंहासनावर जरा मागे टेकले आणि हळूच बोलिले, "आम्ही थकतो." हे वाक्य त्या दरबारात पूर्वी कोणी ऐकिले नव्हते. भालदारही खाली पाहू लागले.

मग हुकूम निघाला की, राजनक्षत्रास एक घटका रजा. रजेवर जाणाऱ्यास निरोप देण्याची रीत म्हणोन शस्त्रागारातून रबरी फुंकणी तबकात घालोन, वर जरीचा रुमाल झाकोन, सनई लावोन आणिली. म्हाळसाबाईने मोहोर फोडिली, कॅमेरा उतरविला, काच खाली धरिली आणि फुंकणी दाबिली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. भालदारांनी मुजरा केला. मग कॅमेरा पुन्हा बसविला, दुर्बीण जागेवर आणिली आणि दरबाराने मोठ्याने दहा अंक मोजिले.

पडद्यावर घोडा आला. मान ताठ, तोंड किंचित खाली, काळा, स्वच्छ. अंताजीपंत पडद्यापासोन वीतभर अंतरावर गेले आणि उभेच राहिले. कॅमेऱ्याने दहा अंक साठविले आणि पुन्हा घोडा सोडिला, पुन्हा साठविले आणि पुन्हा सोडिला, आणि दरवेळी पंत ऐसे दचकत की जणू तो आत्ताच आला. त्यांच्या डोळ्यांस धार लागली ती त्यांनी पुसिली नाही, कारण पुसावयास डोळे मिटावे लागले असते.

घटका भरली. राजनक्षत्र रुजू जाहले नाही. आणखी थोडी वाट पाहिली, नाही. महाराजांनी विचारिले की, आमचा तारा कोठे राहिला. नागोपंतांनी रस्त्यात गर्दी असेल ऐसे काही सांगावयास प्रारंभ केला, परंतु महाराज गगनीसांकडे पाहत होते. म्हाळसाबाईने बापास खूण केली की बोलू नका. पंतांस ती खूण दिसली नाही, आणि दिसली असती तरी त्या घटकेस ते खोटे बोलते ना.

पंत म्हणाले, "महाराज, ती धूळ होती. कॅमेऱ्याच्या काचेवर एक कण बसला होता. आता उडाला."

नागोपंतांनी भालदारांस पुढे होण्याची खूण केली. महाराजांनी हात वर करोन त्यांस थांबविले. मुद्रा लाल जाहली होती. बोलिले, "आमची धूळ उडवून तुम्ही हे जे पाहता आहात, ते काय आहे?"

येथे पंतांस वाचावयाची वाट होती. देवाचा घोडा आहे, महाराजांचे वाहन आहे, काहीही सांगता आले असते, आणि ऐकावयास दरबार उत्सुक होता. पंत म्हणाले, "हीसुद्धा धूळच आहे, महाराज. फार मोठी आणि फार लांब. आत्ता जो उजेड तिच्यामागून आला तो तेराशे वर्षांपूर्वी निघाला होता. तेव्हा आपलं राज्य नव्हतं, मीही नव्हतो. आणि उद्यापासून माझे डोळे असतील की नाही, वैद्य सांगू शकत नाही. म्हणून मला आज पाहायची होती."

महाराजांनी पडद्याकडे पाहिले, मग पंतांकडे पाहिले, मग आपल्या पुढे बसलेल्या मानकऱ्यांच्या पगड्यांकडे पाहिले आणि म्हणाले, "पगड्या काढा. गगनीसांना जे दिसतं ते आम्हालाही दिसू द्या." तेव्हा सबंध दरबाराने पगड्या काढोन मांडीवर घेतल्या. महाराजांनी सिंहासन सोडिले आणि पंतांस खाली बसवोन त्यांच्या शेजारी गादीवर बसले, आणि मृग झाडांआड जाईपर्यंत दोघे तैसेच बसोन राहिले. नागोपंतांनी दोनदा थंडी पडल्याचे सुचविले. त्यांस घरी पाठविले.

चैत्रात अंताजीपंतांची दृष्टी गेली. गगनीसी म्हाळसाबाईस मिळाली आणि सही तीच करू लागली. फुंकर मारावयाची बंदी उठली. राजनक्षत्रास बडतर्फ करावे ऐसा ठराव आला होता, परंतु रजा स्वतः हुजुरांनी दिली सबब तो नामंजूर जाहला, आणि हजेरीपटावर त्याचे नावापुढे रजेवर ऐसे लिहिलेले आहे. पुढल्या मार्गशीर्षात, शके १९४७, मृग पुन्हा उगवला. तेव्हा महाराज दरबार न भरविता एकटेच गच्चीवर आले, पंतांचा हात धरोन त्यांस पडद्यासमोर बसविले, आणि स्वतः वीतभर अंतरावर बसोन, कॅमेरा चित्र सोडील तैसतैसे सांगू लागले की, आता मान आली, आता कान आला, तोंड किंचित खाली आहे. मग थांबोन पुसिले, "बरोबर?" पंत म्हणाले, "बरोबर, महाराज. तसाच आहे."

येणेप्रमाणे एका कणाची आणि एका घोड्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली. लिहिणाराने त्या गच्चीवर पगडी मांडीवर घेतली होती, सबब बहुतेक डोळ्यांदेखतचे आहे, बाकीचे म्हाळसाबाईकडोन ऐकिले. मजकूर संपला.