रिप्युडिएट, व्हेरी मच

एका जंगलात, बाळांनो, इंग्रजीचा एकच क्लास होता. तो पिंगळे सरांचा. पिंगळा म्हणजे घुबडाचा धाकटा भाऊबंद, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर विचारू नका. सरांनाही कुणी काही विचारलेलं आवडत नसे.

सर उंबराच्या ढोलीत शिकवत. मागे फळीवर एक जाडजूड डिक्शनरी होती. दसऱ्याला ते तिला हार घालत. उघडत मात्र नसत. विद्यार्थ्यांसमोर डिक्शनरी उघडायची, तर मग सर कशाला, असं त्यांचं मत होतं.

एका सकाळी गुणाजी साळिंदर पत्र घेऊन आला.

गुणाजी म्हातारा होता. त्याचा एकुलता एक मुलगा मृदुल शहरात, प्राणिसंग्रहालयाच्या ऑफिसात हेडक्लार्क होता. दिवाळीत गुणाजी त्याच्याकडे गेला, तेव्हा मृदुलचे साहेब चहाला आले होते. गुणाजी नव्या सोफ्यावर ऐसपैस बसला. उठला, तेव्हा सोफ्याची गादीही त्याच्या पाठीला चिकटून उठली. साहेब हसले. मृदुल हसला नाही.

"बाबा, तुम्ही बिळातच बरे," तो म्हणाला.

"त्याच बिळात जन्मलास तू," गुणाजी म्हणाला. मृदुलने साहेबांना स्वतःचं घराणं वेगळंच सांगितलं होतं, हे बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

त्यानंतर तीन महिने पत्र नाही. आता आलं ते इंग्रजीत, एका ओळीचं. 'आय हिअरबाय रिप्युडिएट यू.'

सरांनी चष्मा पुसला. 'आय' त्यांना येत होतं. 'यू'ही येत होतं. 'हिअरबाय'शी तोंडओळख होती. तो लांबलचक शब्द मात्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"काय लिहिलंय, सर?"

सरांनी वर पाहिलं. गुणाजी त्यांच्या चोचीकडे टक लावून बघत होता. वर्गातले सहा ससे वह्या उघडून बसले होते. 'माहीत नाही' हे शब्द सरांच्या चोचीपर्यंत आले आणि ससे पाहून परत गेले.

"म्हणतोय, मी वाकून तुमचे पाय धरतो," सर म्हणाले. "फार वरच्या दर्जाचं इंग्रजी आहे. रोजच्या वापरातलं नाही."

सशांनी लिहून घेतलं.

गुणाजीने पत्र परत घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. "पाय धरतो म्हणाला? मला वाटलं, रागावलाय." त्याने पंजाने डोळे पुसले. "मग सर, उत्तर लिहा. चूक माझीही होती. मीही त्याला तेच कळवतो."

"अहो, बाप कधी मुलाचे पाय धरतो का?"

"इंग्रजीत धरले तर कुणाला कळतंय? लिहा."

सरांनी लिहिलं, 'आय ऑल्सो रिप्युडिएट यू.' ओळ जरा तोकडी वाटली, म्हणून पुढे 'व्हेरी मच' घातलं. टपालाच्या पारव्याने लगेच पत्र नेलं.

ससे घरी गेल्यावर सरांनी इकडेतिकडे पाहून डिक्शनरी उघडली. 'रीतसर नाकारणे. हा माझा कुणी नव्हे, असे जाहीर करणे. नाते तोडणे.' सरांनी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदाही अर्थ तोच निघाला.

दुसऱ्या दिवशी ते खरं सांगायला निघाले. वाटेत वाक्यही पाठ केलं. पोचले तर गुणाजी बीळ सारवत होता.

"एवढं लिहिणारा मुलगा कधीतरी येईलच की," तो म्हणाला. "त्याची जागा करून ठेवतोय. कंद उकडलेत, बसा."

सर बसले, कंद खाल्ला, सारवण छान झालंय म्हणाले आणि परत आले. असे ते पाच वेळा गेले. पाचही वेळा कंद खाऊन आले. इकडे वर्गातली सशांची पिल्लं क्लासला निघताना "आई, रिप्युडिएट" म्हणू लागली, आणि आयांना भरून येऊ लागलं. सरांची दिवसाची झोप उडाली.

ते सहाव्यांदा गेले, तेव्हा दारात मृदुल उभा राहिला. धुळीने माखलेला, दम लागलेला. सरांच्या तोंडात कंद होता.

"बाबा, तुम्ही मला असं लिहिलंत?"

"तू आधी लिहिलंस ना," गुणाजी म्हणाला. "म्हटलं, आपण तरी मागे का राहावं."

"आणि व्हेरी मच?"

"ते सरांनी घातलं."

मृदुलने सरांकडे पाहिलं. सरांनी कंद गिळला.

"सरांनी अर्थ काय सांगितला तुम्हाला?"

"मी वाकून पाय धरतो, असा." म्हाताऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "का रे? दुसराही होतो काही?"

सरांनी डोळे मिटून घेतले.

मग मृदुल वाकला. साळिंदराच्या पाया पडणं सोपं नसतं, बाळांनो. समोरच्याच्या काट्यांत तोंड जातं. मृदुलच्या नाकाला दोन ठिकाणी टोचलं. त्याने पाय सोडले नाहीत.

"नाही, बाबा," तो खालूनच म्हणाला. "एवढाच होतो."

तिन्हीसांजेला तो सरांना ओढ्यापर्यंत पोचवायला आला.

"सर, पत्र लिहिताना तुम्हाला अर्थ माहीत होता?"

"नव्हता," सर म्हणाले. "नंतर पाहिला."

मृदुलने ओढ्याच्या पाण्याने नाक धुतलं.

"मलाही नंतरच कळला," तो म्हणाला. "तुमचं पत्र आल्यावर."

तात्पर्य : घरचं पत्र वाचून घ्यायचं असेल, तर विद्वानाकडे जाऊ नये, तो खरा अर्थ सांगतो. ज्याला जेमतेम येतं, असाच मास्तर गाठावा. (प्रस्तुत लेखक रोज सकाळी नऊ ते अकरा घरीच असतात.)