सत्कारमूर्तीचा अभ्यास

अभ्यास करण्याआधी अभ्यासाचं वातावरण तयार व्हावं लागतं, असं माझं ठाम मत आहे. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, संसार आणि मधुमेह सांभाळून, मी मुलुंडच्या एका संध्याकाळच्या कॉलेजात टीवाय बीकॉमला, म्हणजे पदवीच्या राहून गेलेल्या शेवटच्या वर्षाला, प्रवेश घेतला, तेव्हा ते अधिकच ठाम झालं. ऑफिसात लेखा विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती. यंदा जो पदवीधर होईल तो तिच्यावर बसेल, असं साहेबांनी मला आणि माझ्या हाताखालच्या हर्षदला सांगितलं होतं. दोघांनी एकाच कॉलेजात नाव घातलं. मला ती खुर्ची मनापासून हवी होती.

प्रवेशाची पावती मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि वातावरणनिर्मितीस प्रारंभ झाला. संध्याकाळी सेक्रेटरी चंद्रप्रकाश सावंत दारात.

"सहदेवा, तुझो सत्कार करूकच व्हयो."

"पास झाल्यावर करा ना."

"पास काय, कोणय होता. ह्या वयात फी भरूक काळीज लागता."

रीतीप्रमाणे एकदा नको म्हणून मी मान्यता दिली. गेटवर बॅनर लागला: 'जिद्दीचा महामेरू'. फोटो गॉगलमधला होता, कारण एकच हनुवटी दिसणारा तेवढाच घरात होता. सत्काराला उत्तर देताना मी निरोगी अभ्यास-सवयींवर पाऊण तास बोललो. पहाटे उठावं, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, अधूनमधून पाणी प्यावं. यातलं पाणी मी बोलता बोलता प्यायलो. टाळ्या पडल्या, आणि मला थेट अभ्यास झाल्यासारखंच वाटलं.

मग भांडुपच्या मंडळाने बोलावलं, मग घाटकोपर, मग बोरिवली. कार्यक्रम नेमके संध्याकाळी असत आणि कॉलेजही. घरात शाली आणि नारळ वाढू लागले. बायको अनुपमा रोज खोबऱ्याच्या वड्या थापताना म्हणे, "अहो, त्या पुस्तकाचं प्लॅस्टिक तरी काढा."

मुलगी रुचिरा जास्त स्पष्ट. "बाबा, कॉस्टिंगचं एक तरी गणित सोडवलंस का?"

"सध्या मी प्रेरणेच्या टप्प्यात आहे."

"मग वाट लागली," ती म्हणाली आणि आपल्या पुस्तकात डोकं घातलं.

गैरहजेरीबद्दल प्राचार्यांनी बोलावलं तेव्हा मी घाबरलो होतो. पण माझी कीर्ती आधीच पोचली होती. त्यांनी मला नव्या अध्ययन-प्रेरणा समितीचा अध्यक्ष केलं. समितीची बैठक कॉस्टिंगच्या तासालाच भरे. माझी हजेरी मात्र पदसिद्ध म्हणून लागत गेली.

परीक्षेच्या दिवशी पेपराआधी परीक्षार्थींना चार शब्द सांगण्याची जबाबदारी ओघानेच माझ्यावर आली. हर्षद तेवढा बाहेर व्हरांड्यात गणितं चाळत उभा होता. मला त्याची कीव आली. मग पेपर हातात पडला. गणितासमोर पाठीचा कणा ताठ ठेवून कसं बसायचं हे मला तोंडपाठ होतं, म्हणून मी तीन तास तसाच बसलो.

कॉस्टिंगचा विषय राहिला, मला केटी लागली. हर्षद फर्स्ट क्लासमध्ये पास झाला आणि खुर्चीत बसला. अभिनंदन करताना मी विचारलं, "कसं रे जमवलंस?"

"सर, तुमच्या भाषणांना आलो नाही," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. घरी आलो आणि मला खरोखर लाज वाटली. मी पुस्तकाचं प्लॅस्टिकसुद्धा काढायला घेतलं. तेवढ्यात बेल वाजली.

"नापास झालंस ता बराच झाला," चंद्रप्रकाश सोफ्यावर बसत म्हणाले. "घाटकोपरवाले 'अपयश पचवण्याची कला' मागतत. तुझ्याशिवाय कोण आसा?"

पुस्तक बाजूला ठेवून मी भाषणाचे मुद्दे काढायला बसलो.

व्याख्यान रविवारी आहे, प्रवेश विनामूल्य. तुम्ही अवश्य या. तुम्ही आमचेच श्रोते. नाहीतर समोर करायचं ठेवलेलं काम सोडून हे शेवटपर्यंत वाचत कशाला बसला असतात?