वैजनाथमामांची टीव्हीवरची ड्यूटी

मोटारींच्या शर्यतीत गाडी थांबवून वाटेतली माणसं घेऊ पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी वैजनाथमामा, गंगाखेड–पालम एस.टी.चे ड्रायव्हर. माझ्या भावानं दुबईहून कॅसेट घालायचा व्हिडिओ गेम आणला, आमच्या टीव्हीला जोडला, आणि त्या दिवसापासून मामांची एक ड्यूटी डेपोत आणि दुसरी आमच्या घरी. पडद्यावर रस्त्याच्या कडेला हात हलवणारे लोक दिसले की मामा ब्रेक मारत. मागच्या मोटारी सुर्रकन पुढे निघून जात.

"मामा, ते शर्यत बघायला आलेत," मी म्हणायची.

"हात केलाय की त्यांनी, बाई. हात केलेला मानूस सोडून जायाचं म्हंजे काय?"

त्यांचा पहिला नंबर कधी आला नाही आणि त्याचं त्यांना काडीचं सोयरसुतक नव्हतं. त्यांचा जीव होता चित्रात. आमच्याकडे तीन कॅसेटी, तिन्ही मोटारींच्या. मी शाळेत भूगोल शिकवते. पण त्या तीन कॅसेटींची मामांनी जेवढी चिरफाड केली, तेवढी मी दहावीच्या पेपरांचीही केलेली नाही.

पहिलीत मोटार वरून दिसे, काडेपेटीएवढी. "ही गाडी कोन चालवायलंय? घार?" असं म्हणून मामांनी ती बाद केली. दुसरीचं चित्र मात्र देखणं. निळे डोंगर, झाडांना सावली, संध्याकाळी केशरी आभाळ. मी तिच्यावर फिदा होते. पण तिच्यात मोटार पाठीमागून दिसायची. मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चित्र एक नंबर हाय, न्हाई म्हनत न्हाई. पन गाडीच्या मागं पळत पळत गाडी चालवायची व्हय? आसं तर बस चुकलेल्या मानसाला दिसतंय."

तिसरी त्यांची लाडकी. रंग मोजून चार, झाडं म्हणजे हिरवे ठोकळे, डोंगर म्हणजे एक त्रिकोण. पण समोर काच, खाली स्टेअरिंग आणि नाकासमोर रस्ता. "ह्ये खरं. आपली गाडी आपल्याला दिसूच नये बाई. आपन आत आसतो."

"अहो, पण चौकोनी झाड कुठं असतं का?"

"झाडाकडं बघत बसलं तर गाडी झाडावर जाती."

विद्यापीठाच्या नामांतरावरून म्हणा, आणखी कशावरून म्हणा, बंद पुकारला की एस.टी. जागची हलत नसे. मग मामा सकाळीच खाकी कपड्यांत आमच्याकडे हजर. गेमचा रिमोट हातात घेऊन आधी मागे वळून माझ्या सासूबाईंना विचारणार, "बसलात का नीट?" सासूबाईही मुकाट्यानं पलंगाची दांडी धरून बसायच्या.

मग एका उन्हाळ्यात डेपोत ड्रायव्हरांचे डोळे तपासायचं निघालं. नापास झालं की स्टेअरिंग सुटलं, पुढं डेपोतच बसून काम. मामा पहिल्यांदाच भ्यालेले दिसले. त्यांनी आमच्याकडे सराव मांडला. रोज टीव्हीपासून एक पाऊल मागं. शेवटी शेवटी तर अंगणात बसून खिडकीतून बघायचे आणि ओरडायचे, "ठोकळा दिसायलाय बाई, चांगला दिसायलाय." मी गुपचूप टीव्हीचा रंग वाढवून ठेवलेला असे. लबाडीच ती, पण माझ्याच्यानं राहवत नव्हतं.

डॉक्टरांकडे रंग वाढवायचं बटण नव्हतं. मामा नापास झाले.

आठवडाभर ते फिरकले नाहीत. मला वाटलं, आता कसले येतात. आणि रविवारी दुपारी आले, खाकीऐवजी धुवट पायजमा-सदऱ्यात. मागून मथुरामामी, त्यांची बायको. मामी आमच्याकडे हळदीकुंकवापुरत्या यायच्या, टीव्हीकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. मामांनी त्यांना टीव्हीसमोर बसवलं, तिसरी कॅसेट घातली, रिमोट त्यांच्या हातात दिला आणि स्वतः मागं जाऊन बसले. मामींची गाडी सरळ शेतात. दुसऱ्यांदा ठोकळ्यावर. तिसऱ्यांदा मात्र गाडी कशीबशी रस्त्यावर टिकली आणि रस्ता अंगावर येत राहिला.

"सव्वीस वरीस मला आसं दिसायचं," मामा म्हणाले. "तुला दाखवायचं राहून गेलतं."

मामींनी पडद्यावरची नजर काढली नाही. "येवढा लांब रस्ता. अन् तुमी एकटेच बघत बसायचात व्हय?"

"एकटा कशाचा? पन्नास मानसं आसायची मागं." मामा म्हणाले. "पन ड्रायव्हरशी बोलू नये म्हनून पाटी आसती ना."

मामी सतरंजीवर थोड्या सरकल्या.

"या, हितं बाजूला बसा," त्या म्हणाल्या. "अन् ह्ये वळन कसं घ्यायचं ते सांगा मला."